डाव्या कानाला फुल्या

मी मावल्याचा. हे साधं वाक्य पुण्यात एका लग्नात मी निदान वीस जणांना ऐकवलं असेल, आणि विसाच्या विसांनी ते 'मी मावळचा' असं ऐकलं. एकाने लोणावळ्याच्या चिक्कीचा भाव विचारला. एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर थाप मारून "वा, मावळे!" म्हटलं, तेव्हा मला उगाचच पोट आत घ्यावंसं वाटलं. मग मी नेहमीचा पाठ म्हणून दाखवला. मावळ नव्हे, मावला. ल लसणातला. नागपूरहून चव्वेचाळीस नंबरच्या हायवेने हैदराबादकडे निघालात की पैनगंगा ओलांडल्यावर तेलंगण लागतं, मग आदिलाबाद, आणि आदिलाबाद मागे पडतं न पडतं तोच मोठा तलाव दिसतो, ते आमचं गाव. २०१६ साली जिल्ह्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हापासून आम्ही मंडलसुद्धा आहोत. गृहस्थांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कामशेतच्या अलीकडे की पलीकडे?"

त्या दिवशी मी पुणेकरांना नावं ठेवली. कान हा ऐकण्यापेक्षा अंदाज बांधण्याचा अवयव आहे, हे मला पुढे मोठ्या बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं.

मोठे बाबा म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या घराण्यात दोन गोष्टी सातबाऱ्यावर चढवल्यासारख्या पक्क्या होत्या. मोठे बाबा तापट आणि मोठी आई सोशिक. मोठ्या बाबांनी घरात "पाणी दे" म्हटलं की शेजारच्या घरातून तांब्या यायचा. मोठी आई मात्र इतकं हळू बोलायची की तिचं ऐकायला माणूस आपोआप वाकायचा, आणि वाकलाच आहे म्हणून पाया पडूनच उठायचा. त्यांची सून बचत गटात सगळ्यांना सांगायची, "आमच्या सासूबाईंना काहीही बोला, मनावर म्हणून घेत नाहीत." गटातल्या बाकीच्या सुना उसासे टाकायच्या.

पोळ्याच्या दिवशी बैल ओवाळून झाले, आणि मोठी आई चुलीपाशी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "साखर संपली." मोठ्या बाबांनी ऐकलं, "भाकर थापली." पुरणपोळीच्या सणाला भाकर! त्यांनी जो आवाज लावला त्याने नुकताच ओवाळलेला बैल दावणीला ओढ देऊ लागला. मोठी आई शांत. सून शांत. आम्ही चौघांनी चार वेळा 'साखर' म्हटलं आणि त्यांनी चारही वेळा भाकर ऐकली. पाचव्यांदा मी ओरडलो तेव्हा म्हणाले, "वरडतो कायले? मी का बहिरा हाय?"

दुसऱ्या दिवशी, करीला, दोघांनाही ऑटोत घालून आदिलाबाद गाठलं. मोठी आई फक्त सोबत म्हणून.

दवाखान्याच्या बाकड्यावर आमच्या जिल्ह्याचं संमेलनच भरलेलं होतं. आमचा कान, तेलुगू बाईंची 'चेवि', गोंड आजोबांची 'केवी', आणि त्यांच्या पलीकडे बसलेल्या कोलाम पोराचा 'केव'. बोट मात्र सगळ्यांचं एकाच ठिकाणी. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी लांबूनच मोठ्या बाबांना सलाम केला आणि मला म्हणाले, "चाचा ऊंचा सुनते ना?" उर्दूचा हा मोठेपणा. मराठीत बहिऱ्याला 'ठार' बहिरा करून आपण मोकळे होतो. उर्दूत तो उंच ऐकतो. मोठ्या बाबांनी तेवढं मात्र नीट ऐकलं आणि जरा ताठ बसले.

डॉक्टरबाई तरुण, तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलणाऱ्या. मी दुभाषा. मराठी ही कानाच्या बाबतीत अतिशय श्रीमंत भाषा आहे असा माझा समज होता. कान भरतात, कान फुंकतात, कान टोचतात, कानउघाडणी होते, कानाला खडा लागतो, माणूस कानकोंडा होतो. ही सगळी संपत्ती डॉक्टरपुढे एका क्षणात बुडीत खाती गेली, कारण यातलं एकही दुखणं कानाचं नाही. सगळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची कर्तबगारी. खऱ्या आजाराची दोन-तीनच नावं उरतात आणि तीही भाषांतराला नालायक. "कानात दडे बसतात" याचं मी हिंदीत काय करणार? आणि बाईंनी पूर्वी काही झालं होतं का असं विचारल्यावर मी प्रामाणिकपणे सांगितलं, "बचपन में कान फूटा था."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किसने फोड़ा?"

मोठ्या बाबांच्या कानात नेमका हा प्रश्न शिरला. "मास्तरनं," ते म्हणाले.

कान फुटणं म्हणजे पू वाहणं, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली.

भिंतीवर कानाच्या आतल्या बाजूचं चित्र होतं. कानाच्या पडद्यामागे तीन हाडं: हातोडा, ऐरण आणि रिकीब. हातोडा, ऐरण म्हणजे लोहाराचं दुकान झालं, पण रिकीब म्हणजे घोड्यावर चढताना पाय ठेवायची कडी. ती अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर, कणीएवढी. आता गंमत अशी की ही शुद्ध मराठी म्हणून आपण शाळेत पाठ केलेली रिकीब मूळची अरबी-फारसीतली रिकाब. 'पडदा'ही फारसी. आमच्या निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवत. त्यामुळे पुण्याचा भाचा जेव्हा फोनवर मला 'तुमची भाषा मिश्र आहे' म्हणून हिणवतो, तेव्हा मी त्याला सांगतो, बाबा रे, तुझ्या प्रत्येक कानात निजामाच्या तबेल्याची एकेक कडी आहे आणि तिच्यावर पाय ठेवूनच तुझी शुद्ध मराठी आत शिरते.

मोठ्या बाबांना काचेच्या खोलीत बसवून कानावर फोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. मोठे बाबा आवाज येवो न येवो, दर थोड्या वेळाने भिडेखातर बटण दाबत राहिले, कारण समोरचा पोरगा एवढी मेहनत घेतोय तर त्याला बरं वाटावं. तपासणाऱ्या पोराने तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी कागद हातात आला. त्यावर उजव्या कानाच्या खुणा लाल गोलांनी करतात आणि डाव्याच्या निळ्या फुल्यांनी. जगभर हाच शिरस्ता. मोठे बाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी कागद लांब धरून पाहिला. "डाव्याले साऱ्या फुल्या. नापास. अन् उजव्याले भोपळे!" त्यांचा चेहरा पडला.

त्यानंतर शब्दांची परीक्षा. पोरगा तोंड दिसू न देता एकेक शब्द बोलणार, यांनी तो परत म्हणायचा. यादी तेलुगू. यात अन्याय काही नाही असं आम्हाला वाटलं, कारण मोठ्या बाबांनी चाळीस वर्षं जिनिंगमध्ये हमालांशी तेलुगूत व्यवहार केला आहे आणि शिव्या तर ते फक्त तेलुगूतच देतात.

पोरगा म्हणाला, "गोड." म्हणजे भिंत. मोठे बाबा म्हणाले, "गोड." बरोबर. पुढचा शब्द, "काकि." म्हणजे कावळा.

"काकी," मोठे बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "ते तं गेली मागच्या साली."

"पालु." म्हणजे दूध. मोठ्या बाबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "पाल? कुठं हाय?"

"बंडि." म्हणजे गाडी. "घातली हाय ना आत," असं म्हणत ते सदऱ्याची बटणं काढून दाखवू लागले.

पोरगा कागदाकडे पाहत राहिला. गुण द्यावेत की कापावेत? शब्द तर ऐकू आला होता, फक्त भलत्याच घरात जाऊन बसला होता. डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, ही परीक्षा मातृभाषेतच घ्यायला हवी. कानाकडून फाटकेतुटके तुकडेच येतात, मग मेंदू आपल्या जुन्या कणगीतलं धान्य काढून भोकं बुजवतो. बाजारात समोर माणसाचे ओठ, हात, तराजू दिसतो म्हणून तेलुगू चालतं. बंद खोलीत ते आधार गेले की माणूस आईच्या भाषेत परत जातो. मराठी यादी त्यांच्याकडे नव्हती. "आप बोलिए कुछ शब्द," मला म्हणाल्या. मी केसपेपर तोंडापुढे धरला. ऐन वेळी मला दुसरं काही सुचेना.

"साखर," मी म्हणालो.

"भाकर," आतून खणखणीत उत्तर आलं.

याचं कारण बाईंनी आलेखावर बोट ठेवून दाखवलं. रेघ डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांना, बऱ्यापैकी वर होती. उजवीकडे जाता जाता कापसाच्या भावासारखी घसरत गेली होती, आणि ४००० हर्ट्‌झपाशी तर खड्डाच. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत. स, श, फ, ख यांचा जोर वरच्या पट्टीत, ते गळाले. साखरेतून स आणि ख उडाले की जे उरतं त्याची भाकर होते. बायकांचे आणि पोरांचे आवाज याच कारणाने आधी हरवतात. म्हणजे ऊंचा सुनणाऱ्या माणसाला नेमकं उंचच ऐकू येत नाही.

४००० चा खड्डा हा मोठ्या आवाजात आयुष्य काढल्याचा शिक्का. मोठ्या बाबांची हयात रेच्यांच्या धडधडीत गेली, सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे. "कान में कुछ डालते नहीं थे?" बाईंनी विचारलं. चारी बाजूंनी कापूस, आणि माणसाने कानात कधी बोळा घातला नाही! मी हळहळलो. तर बाई म्हणाल्या, कोरड्या कापसाने आवाज फारसा अडत नाही, त्याला वेगळी बुचं लागतात. ऐकून मला आदिलाबादच्या सगळ्या कापसाचा राग आला.

"और उम्र का असर है, प्रेस्बिक्युसिस," बाई म्हणाल्या.

"प्रेस. बरोबर," मोठे बाबा म्हणाले. "जिनिंगमधी कमी, प्रेसमधीच जास्त झालं."

ग्रीकमध्ये 'प्रेस्बिस' म्हणजे म्हातारा, हे मी त्यांना सांगितलं नाही. माणसाला आपलं दुखणं नोकरीच्या ठिकाणी मिळालं असं वाटत असेल तर वाटू द्यावं.

दुसरा शब्द 'रिक्रूटमेंट'. हळू बोललं तर ऐकूच येत नाही, आणि जरा आवाज चढवला की एकदम डोक्यात घण बसतो, अधलीमधली पायरीच नाही, अशी ही नसेच्या बहिरेपणातली अवस्था. म्हणजे 'काय? काय?' आणि 'वरडतो कायले?' ही दोन वाक्यं एकाच माणसाने एकाच मिनिटात म्हणणं हा खवटपणा नसून लक्षण आहे. घरी शब्द कळला तेव्हा धाकटा पुतण्या म्हणाला, "या वयात मोठ्या बाबांची भरती?" पोरगा दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागे आहे, त्याला दुसरा अर्थ दिसतच नाही.

तिसरा शब्द टिनिटस. बाईंनी विचारलं, कानात काही वाजतं का? मोठे बाबा सहज म्हणाले, "जिन चालू असते." मी म्हणालो, ती जिन बंद पडून बारा वर्षं झाली. "तिकडं बंद पडली," मोठे बाबा म्हणाले. बाईंनी काही न बोलता लिहून घेतलं.

बहिरेपण डेसिबेलमध्ये मोजतात आणि त्यातला 'बेल' हा टेलिफोनवाला ग्रॅहॅम बेल, ज्याची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं. हे सांगितल्यावर मोठे बाबा म्हणाले, "मंग बरोबर हाय. घरात फोन आला तवापासूनच माहे कान गेले." त्यांची सरासरी निघाली ५२. मिस्त्रींनी बाहेर बसून सगळा हिशेब करून ठेवला होता: सर्टिफिकेट काढू, पेन्शन बसेल. पण २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांना निदान ६० डेसिबेलची तूट लागते, ७० झाली तर पुरता बहिरा. आठ गुणांनी हुकलं. जन्मात पहिल्यांदा अभ्यास न करता एवढे गुण मिळाले, तर त्यातही नापास.

पुण्याच्या भाच्याला फोनवर सगळं कळवलं. त्याला इंग्रजीचा विटाळ. तो म्हणाला, "म्हणजे संवेदी-चेताजन्य बधिरता." फोन स्पीकरवर होता. मोठी आई घाबरली. "बधीर केलं? सुई देऊन?" बधिर आणि बहिरा हे एकाच संस्कृत घरातले दोन भाऊ, एक शहरात जाऊन दाताच्या डॉक्टरकडे नोकरीला लागला, एक गावात राहिला. इतक्या वर्षांनी कोण ओळखणार?

पण ही भानगड होण्याच्या जरा आधी, दवाखान्यातच, दुसरी भानगड झाली. मी बाईंशी बोलत असताना त्यांनी मोठ्या आईला विचारलं, "अम्मा, आपको ठीक सुनाई देता है?" मोठी आई गोड हसली आणि म्हणाली, "हो, जेवूनच निघालो."

बाईंनी तिलाही खुर्चीत बसवलं. नादकाटा वाजवून कानाच्या मागे हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला. "कुठे मोठा?" निरोगी कानाला समोर मोठा ऐकू येतो. मोठी आई म्हणाली, हाडावर. मग कपाळाच्या मधोमध टेकवला. "कोणत्या कानात?" मोठी आई म्हणाली, उजव्या. आणि मग तक्रारीच्या सुरात, "पन थोच तं कमी ऐकू येते, मुडदा." बाईंना इतका आनंद झाला की आम्हाला वाटलं मोठी आई पास झाली. तसं नव्हतं. आवाज बाहेरून आत जायची वाट बंद असली तर हाडावाटे गेलेला आवाज त्याच कानात जास्त घुमतो. बाईंनी दिवा लावून आत पाहिलं आणि नुसत्या "अय्यो" म्हणाल्या.

दोन्ही कानांत मळाचे बोळे. रोज संध्याकाळी दिव्याची वात वळून झाली की उरलेला कापूस काडीला गुंडाळून मोठी आई कान साफ करायची. साफ कसला, ठासणीच्या बंदुकीसारखा आत ठासायची.

आता हे वाचता वाचता स्वतःच्या दोन्ही कानांत बोटं घालून एक वाक्य मोठ्याने बोलून पाहा. आपला आवाज डोक्यात कसा दणाणतो? कान बाहेरून बंद असलेल्या माणसाला स्वतःचा आवाज असा सदा मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो. आणि ज्याची नस गेली त्याला स्वतःचा आवाज पोचतच नाही, म्हणून तो ओरडतो. बाईंनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पेनला टोपण लावलं. मी मात्र तिथेच बसून राहिलो. चाळीस वर्षांचा तापटपणा आणि चाळीस वर्षांचा सोशिकपणा! आमच्या घरातल्या पोरींची लग्नं ठरवताना 'मोठ्या आईचं वळण आहे' असं सांगितलं होतं हो आम्ही.

कोमट पाण्याची पिचकारी आणि चिमटा. सोशिकपणा बाहेर आला, तुरीच्या दाण्याएवढा. उजव्या कानातला जरा मोठा.

बाई त्याला 'सेरुमेन' म्हणाल्या. लॅटिनमधल्या मेणाच्या शब्दावरून आलेलं नाव. भाच्याने नंतर संस्कृत सांगितलं: कर्णगूथ. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत त्यातला हा एक. गूथ म्हणजे काय, हे मराठी माणसाला फोड करून सांगायची गरज नाही. संस्कृत आहे म्हणून मोठ्या आईने आधी श्रद्धेने हात जोडले आणि अर्थ कळल्यावर भाच्याचा उद्धार केला.

मला एक जुनं कोडंही उलगडलं. मोठी आई घरात काही ऐकायची नाही, पण पिठाच्या गिरणीत, किंवा दिवाळीत गोंडांच्या दंडारीचे ढोल वाजत असले की सगळं बिनचूक ऐकायची. सतराव्या शतकात इंग्लंडातल्या टॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने अशीच एक बाई पाहिली होती. जवळ नगारा वाजत असेल तरच तिला बोलणं ऐकू यायचं, म्हणून नवऱ्याने नगारा वाजवणारा एक नोकरच ठेवला होता. गोंगाटात बाकीचे सगळे आवाज चढवून बोलतात आणि वाट बुजलेल्या कानाला तो गोंगाटच कमी पोचतो, एवढंच त्यातलं इंगित. या लक्षणाला विलिसचं नाव मिळालं. नोकराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

मोठ्या बाबांना नमुना म्हणून पाच मिनिटं मशीन लावून दाखवली. पंखा, कागद, स्वतःच्या चपला, सगळं एकदम कानावर कोसळलं. मशीनची किंमत ऐकली तेव्हा मात्र त्यांना एकही आकडा परत सांगावा लागला नाही. "वेचणी झाली का पाहू," म्हणाले.

परतताना ऑटोत मोठी आई तलाव येईपर्यंत गप्प होती. इंजिन, हॉर्न, मागच्या सीटवरच्या कोंबड्या. मोठ्या बाबांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे कुजबुजले, "इचे कान साफ करून बेज्या केली बेट्या." ऑटोवाल्याने आरशातून मागे पाहिलं. मोठी आई म्हणाली, "काऊन? बेज्या काऊन झाली?" आवाज नवा होता. भरलेला, स्वच्छ, समोरच्या ट्रकलाही समजेल असा.

घरी पोचलो. अंगणात चपला काढल्या. आत स्वयंपाकघरात सून भांडी घासता घासता, रोज बोलते तशी, स्वतःशीच पुटपुटली, "आली वाटतं वरात."

"आली," मोठी आई ओसरीवरून म्हणाली.

आत पातेलं पडलं.

मोठे बाबा माझ्याकडे वळले. "कोनाची वरात?"